फाटकातला बोकड

माझ्या मागच्या खोलीत राहणारी केरुबो किसी गावाकडची. आवाज असा, की तिने अंगणातून दूधवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला भाजीवाला "आलो" म्हणतो. नैरोबीत असा आवाज असलेली माणसं एक तर चर्चमध्ये गातात, नाहीतर युनियन काढतात. केरुबोला सूर नव्हता.

तिची नोकरी संगणकाला शिकवण्याची. दिवसभर चित्रं येतात. चित्रातल्या गोष्टीभोवती चौकट काढायची आणि नाव द्यायचं: झाड, मटाटू म्हणजे इथली मिनीबस, माणूस. शंका आली तर चित्र सगळ्यांकडे जातं. शेवटचं उत्तर येईपर्यंत निकाल नाही; मग बहुमत म्हणेल ते खरं, आणि अल्पमतात पडेल त्याचा पगार कापला जातो. हा नियम ओडुंडो साहेबांचा. त्यांना त्याचा फार अभिमान.

तिच्या युनियनची मागणी एकच: संडासला जायला परवानगी मागावी लागू नये. ऑफिसात सभेला बंदी, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या संडासात सभा भरे. पुरुष सभासद दाराबाहेरून "अनुमोदन!" ओरडत. एकटा मुसेंबी सभासद होत नव्हता. भारी भित्रा.

इथल्या जुलैच्या थंडीत साहेबांनी झिपऱ्या लोकरीचा कोट घेतला. त्याच सुमारास कंपनीने वॉचमनला काढून फाटकावर कॅमेरा बसवला. माणूस दिसला की फाटक उघडायचं, शेजारच्या शेळ्या आल्या तर नाही. त्याला शिकवायची चित्रं केरुबोकडे आली. एकात काहीतरी झिपरं, खाली वाकलेलं. तिने लिहिलं, "बोकड."

ते साहेब होते. पडलेल्या किल्ल्या उचलत होते.

"शोशो, देवाशपथ, मला बोकडच वाटला हो!" संध्याकाळी ती मला सांगत होती. इथे आजीला शोशो म्हणतात.

"आणि शिंगं?" मी चहा ओतत विचारलं.

"कॉलर उभी होती ना!"

ऑफिसात साहेबांना निमित्तच हवं होतं. "सामान उचल! उद्यापासून येऊ नकोस."

"शंका असेल तर सगळ्यांना विचारायचं, साहेब. नियम तुमचाच."

"विचार की!"

विचारलं. एकजात सगळ्यांनी उत्तर दिलं, बोकड. मुसेंबीने तर पुढे लिहिलं, "तब्येतीने चांगला."

"मुसेंबी, तू आमच्यात कधी आलास रे?" केरुबोने विचारलं.

"तुमच्यात नाही गं बाई! अल्पमतात पडलो तर पगार जायचा."

"नियम गेला चुलीत," साहेब म्हणाले. "तू घरी जा."

दुसऱ्या दिवशी केरुबो आपला चहाचा मग आणायला गेली. फाटक उघडलं, ती आत गेली. मागून साहेब आले. फाटक ढिम्म.

"साहेब, कोट काढून बघा," कोणीतरी खिडकीतून सुचवलं.

"यंत्रासाठी मी गारठू होय? केरुबो! ते चित्र परत सगळ्यांकडे पाठव!"

"मी कशी पाठवू? मला काढलंय ना."

"कोणी काढलं? कधी?"

"आणि युनियन?"

"असू दे!"

"आणि संडास?"

"जा! पेपर घेऊन जा! हवं तेवढा वेळ बसा!"

"जरा मोठ्याने, साहेब. मागच्यांना ऐकू आलं नाही."

साहेबांनी मोठ्याने सांगितलं. केरुबोने चहाचा मग खाली ठेवला, खुर्चीत बसली आणि चित्र पाठवलं. भराभर उत्तरं आली: माणूस, माणूस, माणूस. फाटक तरीही हललं नाही.

"आता काय राहिलं?" बाहेरून आवाज आला.

एक उत्तर राहिलं होतं. मुसेंबी जागेवर नव्हता. युनियनच्या कागदावर सही करून, पेपर काखेत मारून, कोणालाही न विचारता तो गेला होता.