प्लॉटवरची माती एवढी चांगली कशी?

हे आत्ताच लिहून टाकते, कारण बाबा आंघोळीला गेलेत आणि बाहेर आले की म्हणतील, जाऊ दे, कशाला गावभर करतेस. मला गावभरच करायचंय.

बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. आमचा कारेलीबागचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे गेलेत. म्हणून फ्लॅट विकून डभोई रस्त्याकडे एका गावाच्या कडेला प्लॉट घ्यायचा आणि छोटं बैठं घर बांधायचं असं ठरलं. पुढे बाग, त्यात आईचा मोगरा. फ्लॅट एकदा गेला की दुसरा चान्स नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

आता आमच्या घराचं सांगते. आजोबा, पणजोबा सगळे कचेरीत कारकून. त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीवर आमचा देवासारखा विश्वास. बाबांनी प्लॉटचे कागद तीनदा वाचले. सात-बारा, एन.ए.चा हुकूम, नकाशा, सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये, पेन्सिलीने नंबर टाकून. वकिलांनाच दोन चुका काढून दाखवल्या. पण खाली वाकून जमीन कुणीच बघितली नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा प्लॉटवर मस्त तपकिरी, भुसभुशीत माती. इकडे गुजरातीत तिला गोराडू म्हणतात, भाजीपाल्याला एकदम छान. आईने लगेच पर्समधला श्रीखंडाचा रिकामा डबा काढून भरून घेतला. (तो पर्समध्ये का होता ते विचारू नका.) दलाल खूश, अशी माती कुठेच मिळणार नाही म्हणे. "बेन, आवी माटी क्यांय नहीं मळे."

मला तिथेच खटकलं. समोरच्या शेतात कापूस उभा होता आणि खालची माती काळी कुळकुळीत, बोट जाईल एवढ्या भेगा. डावीकडे काळी, मागे काळी, आणि मधे फक्त आमचाच प्लॉट तपकिरी?

गाडीत बाबांना बोलले.

"तुला रिक्षावाल्याच्या मीटरवरपण संशय येतो," बाबा म्हणाले.

"बाबा, मीटर खरंच फास्ट होता."

"कागदात तसं काही नाहीये."

"कागदात मातीचा रंग लिहितात का?"

आई म्हणाली, "तुम्ही दोघं रस्त्याकडे बघा." विषय संपला.

मागच्या रविवारी बानाखत करायच्या आधी, म्हणजे विक्रीचा करार करायच्या आधी, शेवटचं बघायला गेलो. मी ठरवूनच गेले होते. कडेचा विजेचा खांब वाकडा. शेजारच्या फार्महाउसच्या भिंतीला पायऱ्या-पायऱ्यांची लांब चीर, आणि तिच्यावरून सिमेंट लिंपलेलं. मी दलालांना विचारलं, "काका, आ शुं छे?"

"अरे बेटा, ए तो भूकंप वखतनी छे."

पण बाबा शांतपणे फार्महाउसच्या गेटपाशी गेले. तिथल्या फरशीवर बांधल्याचं साल कोरलेलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, परत वाचलं. साल २००१च्या भूकंपानंतरचं. मी इतके दिवस बोंबलत होते त्याचा काही उपयोग झाला नाही, कोरलेल्या चार आकड्यांचा झाला.

कापूस वेचणाऱ्या एका बाईंकडून बाबांनी कुदळ मागून आणली. दलाल म्हणाले, साहेब कपडे खराब होतील. बाबा खणत राहिले. वीतभर खाली गेल्यावर काळी लागली. हातभर गेले, काळीच.

पुढचं आईने केलं. बाटलीतलं पाणी घालून आधी वरची तपकिरी माती मळली आणि वळायला गेली तर तुटून पडली. मग काळी घेतली, हातावर लांब वळली आणि तिचं अख्खं कडबोळं केलं. मोडेचना. बोटंपण धुऊन निघेनात.

बाई उभ्या राहून हसत होत्या. "चोमासामां फूले ने उनाळामां फाटे. ट्रॅक्टर भरीने माटी नाखी गया, दिवाळी पहेलां." म्हणजे काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि वरची तपकिरी दिवाळीआधी ट्रॅक्टरने आणून टाकलेली.

दलालांनी लगेच आमच्या बागेचं निमित्त पुढे केलं, "बेन, ए तो तमारा गार्डन माटे ज नाखी."

बाबांनी गुजरातीत एवढंच विचारलं की मग आधी का नाही सांगितलं. दलाल फोन बघायला लागले. बाबांनी फाइल बंद केली, बाईंना कुदळ परत दिली आणि गाडीत येऊन बसले.

घरी जिना चढताना आई नेहमीसारखी दुसऱ्या मजल्यावर थांबली. बाबापण थांबले. म्हणाले, "काळ्या मातीवरपण बांधतात लोक. पाया खोल घेतात, नीट घेतात. सांगितलं असतं तर मी इंजिनिअरला विचारलं असतं. लपवली कशाला?" आई म्हणाली, "आधी वर चला, पाय दुखतायत."

म्हणजे घर अजून नाहीच. उद्या दुसरीकडे प्लॉट बघायला जायचंय आणि बाबांनी गाडीच्या डिकीत खुरपं ठेवलंय. पाण्याची बाटली आईने भरलीये.

श्रीखंडाच्या डब्यातल्या त्या मातीत आईने मोगऱ्याची फांदी खोचली होती, तिला चार नवीन पानं आलीत. माती खरंच चांगली आहे. ती कुणाच्या शेतातून उचलून आणली असेल, हे आता माझ्या डोक्यातून जात नाही.

तुम्हाला कधी दाखवलीये का अशी वरून पसरलेली माती? कशी ओळखलीत? पटकन सांगा, उद्या सकाळीच निघतोय.