लेन्स काढली आणि गल्ली जमली

मिरची कांडपाच्या यंत्रावर रडणाऱ्या बाईला कुणी ‘का रडतेस’ म्हणून विचारत नाही. मुरूम गावात मी अकरा वर्षं असं यंत्र चालवते आणि या सोयीचा पुष्कळ फायदा घेतला आहे.

अडचण होती चष्म्याची. तासाभरात काचा लाल. मग मी माणसं आवाजावरून ओळखायची आणि डबे अंदाजानं द्यायची. एकदा बारशाच्या घरी दुसऱ्याचंच जहाल तिखट गेलं. पाहुणे बाळाचं नाव न ऐकताच पाण्याकडे पळाले. (ते बाळ अजून मला बघून रडतं, असं त्याची आजी सांगते.)

पुण्याहून लेक रेखा दोन दिवस आली, तिनं मला चष्म्याऐवजी लेन्स घ्यायला उमरग्याला चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, “काम काय करता?” मी लाजून खाली बघितलं. उत्तर माझ्या पदरानंच दिलं. बाई दोनदा शिंकल्या.

“मग महिन्याची लेन्स नको, धुरळा बसत राहील. रोजची घ्या. सकाळी नवी घाला, संध्याकाळी टाकून द्या.”

“रोज टाकायची?” मी रेखाला हळूच विचारलं.

“मग काय डोळे टाकतीस?”

दोन दिवस लेन्स घालायचं, काढायचं काम तिचंच. माझी हनुवटी धरून म्हणायची, “आई, वर बघ. हलू नको.” किती वर्षांनी कुणी माझी हनुवटी धरली होती. मी मुद्दाम हलायची.

मग ती गेली. त्याच संध्याकाळी मी हात साबणानं दोनदा धुतले आणि डोळ्यात बोट घातलं. अकरा वर्षांचं तिखट साबणाला भीक घालत नाही, हे तेव्हा कळलं. दोन्ही लेन्स निघाल्या, पण डोळ्यांच्या धारा थांबेनात. टाकायला जीव होईना म्हणून लेन्स मुठीत, दुसऱ्या हातात रेखाला लावायला घेतलेला फोन, अशी मी ओसरीवर बसले.

शेजारच्या शांताकाकूंनी कुंपणावरून बघितलं. “कमल, कुणाचा फोन आलता गं?”

मला तिखटाच्या ठसक्यानं बोलता येईना. नुसती मान हलवली.

काकूंनी येऊन मला कवटाळलं आणि गळा काढला. तो ऐकून गल्ली आली. कुणी गेलेल्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून तीन घरांतून पिठलं-भाकरी आली.

“कोण गेलं?”

“माहेरचं असंल. इचारू नगं, रडू दे तिला.”

डोळे एव्हाना निवले होते. खरं सांगायला तोंड उघडलं, तर ओसरी गच्च भरलेली. एवढ्या बायका माझ्याकडे रेखाच्या हळदीनंतर बसल्याच नव्हत्या. मी तोंड मिटलं आणि पदर डोळ्यांना लावला. पदर तिखटाचा. पुन्हा धारा.

“मातीला तुझ्या माहेरी कळंबला जायचं न्हव?” काकू उठल्या. “जीप सांगते.”

आता इलाज नव्हता. मी मूठ उघडली. “काकू, कुणी गेलं न्हाय. डोळ्यातली ही काढत हुते.”

काकूंनी लेन्स बोटावर घेऊन निरखली. “ह्या टिकलीसाठी म्या गळा काढला व्हय?”

आधी त्याच हसल्या. मग पिठलं होतंच, सगळ्या तिथंच जेवल्या.

आता मी हातांना आधी तेल चोळते, मग साबण. लेन्स सुखरूप निघते. ओसरी रिकामी असते. काल मी तिथं डोळ्यांना पदर लावून अर्धा तास बसून बघितलं, पण साडी नेमकी धुतलेली. टिपूस येईना.

कुंपणावरून काकू म्हणाल्या, “पुरं कर आता. आज पिठलं न्हाय, आमटी हाय. चालंल का?”