नानांच्या मोबाइलवरचं लॉगिन

आमच्या घरच्या वेबसाइटला मी इतकं कडक लॉगिन बसवलं, की पहिल्याच दिवशी आम्ही सगळे बाहेर राहिलो.

वहिनी जळगावात घरीच वांग्याचं भरीत करून ऑर्डरी घेतात. त्यांना मीच वेबसाइट करून दिली होती. (घरात एक तरी इंजिनिअर असावा, भाजी निवडायला चालत नसला तरी!) पण तिला कुलूपच नव्हतं. नशिराबादला बसून वहिनींच्या भावाने गंमत म्हणून ‘भरीत’ खोडून ‘शिकरण’ लिहिलं, आणि मी पेटलो. आता बघाच म्हटलं! पासवर्ड टाकायचा, मग मोबाइलवर ओटीपी, तेव्हा कुठे आत. ओटीपीच्या मेसेजात मी मुद्दाम घातलं : ‘हा क्रमांक कोणालाही, अगदी घरच्यांनाही सांगू नका.’

रविवारी भडगावला साखरपुडा होता. वहिनींची पहिली मोठी ऑर्डर! भरिताची पातेली, कळण्याच्या भाकरी, सगळं टेम्पोत चढलं. आता पत्ता आणि पार्टीचा फोन नंबर पाहायचा, की निघायचं. दोन्ही वेबसाइटच्या आत.

वहिनींनी पासवर्ड टाकला. ओटीपी काही येईना.

“मोबाइल बघा ना, वहिनी.”

“माझ्यावर कसा येईल, भाऊजी? मी नानांचा नंबर दिलाय.”

“नानांचा? का?”

“घरात मोठं माणूस असताना आपला नंबर पुढे करायचा? बरं दिसतं का ते?”

“मीपण नानांचाच दिला,” दादा म्हणाला. माझ्या बायकोनेही मान डोलावली. मी ऐटीत माझा पासवर्ड टाकला, तर ओटीपी नानांच्याच नंबरवर गेला! गॅसपासून रेशनकार्डापर्यंत आयुष्यभर तोच नंबर लिहिलेला, हाताने आपोआप टाकला.

नाना म्हणजे माझे वडील, निवृत्त बँक कॅशियर. उद्याची वांगी बघायला पारोळ्याच्या बाजारात गेले होते. मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

“नाना, मोबाइलवर आकडे आलेत ना? वाचा बरं पटकन.”

“नही.”

“नाही आले?”

“येल शेतस. पन कोनलेच सांगानं नही, असं लिखेल शे. घरना लोकेसलेबी नही!”

“अहो, ते मीच लिहिलंय!”

“मंग? तुनंच ते ऐकी ऱ्हायनू ना!”

बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. वहिनींचे डोळे भरून आले. “आज जेवण गेलं नाही ना, तर परत भडगावात कोणी मला विचारणार नाही,” म्हणत त्यांनी माझ्या हातातून फोन ओढला.

“नाना, मी बोलतेय. सांगा ना हो!”

“तू सूनच कशावरून?” नाना अहिराणी सोडून शुद्ध मराठीवर आले, म्हणजे कॅशियर जागा झाला. “आवाज काय, हल्ली मशीनसुद्धा काढतं. सांग, मला जेवणात काय चालत नाही?”

“तुम्हाला? तुम्हाला चालतं काय ते विचारा! कांदा मोठा चिरला तर चालत नाही, बारीक चिरला तर दाताखाली येत नाही. भाकरी पातळ झाली तर पापड, जाड झाली तर पाट! परवा तर पाणी गोड नाही म्हणून...”

“बस! सूनच शे हाई!” आणि नानांनी ओटीपी सांगून टाकला.

वेबसाइट उघडली, पत्ता मिळाला, टेम्पो सुटला. संध्याकाळी पार्टीचा फोन आला, भरीत पुरलं आणि नावाजलंही गेलं. वहिनी आनंदाने रडल्याच.

पण टेम्पो गेल्यावर गप्प बसेन तर मी कसला! आता माझंही लॉगिन तपासतोच, म्हणून मी पुन्हा फोन लावला. या वेळीही स्पीकरवरच.

“तू प्रशांत? मग सांग, तुझ्या बायकोचा वाढदिवस कधी असतो?”

बायको समोरच उभी. दादाने हळूच छताकडे पाहिलं.

“असतो... पावसाळ्यात,” मी म्हणालो.

“जानेवारीत!” बायको म्हणाली.

“थोरल्या सूनबाई,” पलीकडून नानांचा कडक आवाज आला, “हाऊ माना पोऱ्या नही, कोनी तरी चोर शे. त्यानं खातं बंद कर!”

वहिनींनी क्षणात बटण दाबलं. माझी सुरक्षा अगदी चोख निघाली हो! पहिल्याच दिवशी तिने एक चोर पकडला, आणि मुद्देमाल नसतानाही बायकोने त्या चोराला अजून सोडलेलं नाही.