लीलाबाईंच्या गिरणीसमोरचा कॅमेरा

लीलाबाईंची गिरणी चालू आहे की बंद, हे चिंचमळ्यात कुणाला विचारावं लागत नाही. अंथुर्ण्याकडून येताना गाव लागायच्या आधी तिचा आवाज लागतो. पट्ट्याची फटफट, दगडांची घरघर, वर पत्र्याचा थरथराट. नवा माणूस दारात उभा राहिला की त्याला वाटतं, इथं बोलायचं तरी कसं? आणि गावातल्या बायकांना वाटतं, बोलावं तर इथंच.

खरंच आहे ते. घरात भिंतीपलीकडं सासू असते, रानात बांधापलीकडं भावकी असते, नळावर तर सगळ्याच असतात. गिरणीपुढच्या कट्ट्यावर मात्र शेजारणीच्या कानाला तोंड लावून काहीही बोला, तिसरीला अक्षर कळत नाही. डबा रांगेत ठेवायचा, कट्ट्यावर टेकायचं आणि दळण होईस्तोवर मन मोकळं करायचं. कुणाची नणंद कशी वागली, कुणाला दुसऱ्यांदा डोहाळे लागले, कुणी नवऱ्याच्या नकळत भिशी लावली, सगळं त्या घरघरीत निघायचं.

लीलाबाई आत उभ्या. साठीच्या आतबाहेरचं वय, केसांपासून भुवयांपर्यंत पीठ. नवरा कारखान्यावर कामाला, त्यामुळं गिरणीची सगळी मालकी यांची. मोबाईलचं त्यांना फार कौतुक. पीठ जाऊ नये म्हणून तो दुधाच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला. वीज किती वाजता येणार ते त्यावर कळायचं. दळण झालं की डब्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला धाडायच्या. खाली लिहायच्या काही नाहीत. फोटोत डब्याचं झाकण लागलेलं असलं की समजायचं, या.

त्यांची एक गोष्ट मात्र नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. लग्न होऊन आल्यापासून गिरणीत उभं राहून राहून त्यांना माणसाच्या ओठांवरचं वाचता यायला लागलं होतं. "बारीक करा", "बाजरी आधी घ्या", "चाळून आणलंय", हे गिऱ्हाईक दारातून ओरडायचं आणि ऐकू काहीच यायचं नाही. मग डोळेच कामाला लागले. आधी दळणापुरतं कळायचं. पुढं पुढं कट्ट्यावरचंही सगळं कळायला लागलं. नवरा म्हणायचा, "हिच्यापुढं जेवताना पुटपुटायची सोय न्हाय. भाजी खारट झाली असं नुसते व्हट हलले तरी ताट वडून घेती."

कट्ट्यावरचं कळलेलं लीलाबाईंनी कधी दाराबाहेर जाऊ दिलं नाही. दळणात आलेला खडा जसा उचलून बाजूला टाकावा, तसं ते मनातून बाजूला टाकायच्या.

मग गावात कॅमेरे आले.

विहिरीवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या होत्या, म्हणून सरपंच राजलक्ष्मीताईंनी चार ठिकाणी कॅमेरे मंजूर करून आणले. बारामतीत शिकून आलेल्या रणजितनं ते बसवले. पहिल्याच आठवड्यात गेणबा आबांची हरवलेली शेळी कॅमेऱ्यात दिसली. पार हायस्कूलच्या मैदानावर चरत होती. गावानं कॅमेऱ्याला नारळ फोडला. लीलाबाईंनीही पेढा खाल्ला.

पण एक कॅमेरा रणजितनं गिरणीसमोरच्या खांबावर बसवला होता, आणि त्याचं तोंड नेमकं कट्ट्याकडं. चित्र पंचायतीच्या टीव्हीवर दिसायचं, ते ठीक. पण ते सगळ्या सदस्यांच्या मोबाईलवरही दिसायचं. उपसरपंच मानसिंगराव तर ओसरीतल्या झोपाळ्यावर बसून दिवसभर तेच बघायचे. त्यांनी मालिका बघायच्या सोडल्या, असं त्यांच्या घरातलीच माणसं सांगायची.

एके दिवशी त्यांची सून प्रतिक्षा कट्ट्यावर टेकली. पाठ टेकते न टेकते तोच सासऱ्यांचा फोन.

"काय गं, दळण बसून दळत्यात व्हय?"

ती उठली. तिच्याबरोबर बाकीच्याही उठल्या. दुसऱ्या दिवसापासून बायका डबा ठेवायच्या आणि पाऊल न थांबवता निघून जायच्या. गिरणी पूर्वीसारखीच घरघरत होती, पण लीलाबाईंना ती मुकी वाटायला लागली. दळण कमी झालं नव्हतं. पण रोज ज्या चेहऱ्यांकडं बघत त्यांचा दिवस सरायचा, ते आता फक्त पाठमोरे दिसत होते.

लीलाबाई राजलक्ष्मीताईंकडं गेल्या. ताई म्हणाल्या, "मला पटतंय काकी, पण एकटीनं ठरवता येत न्हाय. ग्रामसभेत मांडा."

ग्रामसभा समाजमंदिरात भरली. बायका मागं, पुरुष पुढं, भिंतीवर टीव्ही. लीलाबाई उभ्या राहिल्या. गिरणीच्या सवयीनं त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की पुढचे दोघे दचकले.

"माझ्या गिरणीपुढचा कॅमेरा रस्त्याकडं फिरवा."

"का?" मानसिंगराव म्हणाले. "चोर काय सांगून येतोय, मी कट्ट्यावर येनार न्हाय म्हणून?"

"कट्ट्यावर बायका बसत्यात, दादा. त्यांच्या बोलण्यावर कशाला पहारा?"

"बोलणं कुठं ऐकू येतंय? रणजित, हाय का त्याला आवाज?"

"न्हाय तात्या. नुसतं चित्र."

"ऐका! मुका हाय बिचारा कॅमेरा. तुमच्या गप्पा तुमच्यापाशी. मग पोटात का दुखतंय?"

सभेत हशा पिकला. लीलाबाईंनी एकदा मागं बसलेल्या बायकांकडं वळून बघितलं. आपल्याला काय येतं हे आता सांगितलं, तर कॅमेरा फिरेल. पण मग इतकी वर्षं कट्ट्यावरचं सगळं कळत होतं, हेही या बायकांना कळणार. उद्या त्या डबे घेऊन शेजारच्या गावी गेल्या तर? लीलाबाई पुन्हा पुढं वळल्या.

"चित्र मुकं नसतंय," त्या म्हणाल्या. "मला व्हट वाचता येत्यात."

मग गेणबा आबा म्हणाले, "म्हंजी?"

"म्हंजी आवाज न्हाय आला तरी माणूस काय बोलतोय ते दिसतंय मला. गिरणीत शिकले."

"वाचा की मग!" मानसिंगराव खुशीत आले. "आमचंच वाचा. माझ्यापाशी लपवण्यासारखं काय बी न्हाय. रणजित, काल सकाळी मी गिरणीपाशी फोनवर बोलत व्हतो. लाव तेवढं."

रणजितनं लावलं. टीव्हीवर मानसिंगराव आले, कानाला फोन, एक हात कमरेवर.

"मिशा व्हत्या तवर तुमचं एक अक्षर कळायचं न्हाय," लीलाबाई म्हणाल्या. "डाय अंगावर उठला आन् तुमी मिशा काढल्या, तवापास्नं लई सोपं झालंय."

मग टीव्हीकडं बघत त्या सावकाश वाचायला लागल्या. "बारामतीला... चाललाय न्हवं... मंग येताना... पाव किलो आण. गरम असंल तरच घे. आन् कागदात बांध, पिशवी वाजती. घरी..."

त्या थांबल्या.

"म्होरलं वाचू का, दादा?"

मानसिंगरावांची साखर वाढल्यामुळं डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोनं घरातला साखरेचा डबा कुलपात ठेवला होता, हेही ठाऊक होतं. त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. आता उठून उभ्या राहिल्या.

"वाचा की लीलाबाई," त्या म्हणाल्या. "मला बी कळू द्या, काय वाजतंय पिशवीत."

"टीव्ही बंद कर रे!" मानसिंगराव ओरडले. "फिरवा तो कॅमेरा. रस्त्याकडं फिरवा, न्हायतर आभाळाकडं फिरवा!"

समाजमंदिर हसून हसून फुटायची वेळ आली. गेणबा आबांना ठसका लागला. राजलक्ष्मीताईंनी हसू आवरत ठराव लिहून घेतला, कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडं आणि चित्र फक्त पंचायतीच्या कचेरीत, कुणाच्या मोबाईलवर नाही. मानसिंगरावांच्या बायकोनं बाहेर पडताना पुन्हा विचारलं, पण फोनवरचं पुढचं वाक्य लीलाबाईंनी तिलाही सांगितलं नाही.

संध्याकाळच्या आत रणजितनं शिडी लावून कॅमेरा फिरवला.

आणि दुसऱ्या दिवशी गिरणीवर आधीपेक्षाही जास्त शांतता. बायका आल्या, डबे ठेवले, कट्ट्यावर बसल्यासुद्धा. पण सगळ्यांनी तोंडाला पदर. कुणी बोलायचं झालं तर भिंतीकडं तोंड फिरवून. लीलाबाई ज्वारी ओतत होत्या. कॅमेरा फिरवता आला, स्वतःचे डोळे कुठं फिरवणार?

तेवढ्यात प्रतिक्षा उठली आणि थेट आत आली. पदर नाही, काही नाही. लीलाबाईंनी चक्की थांबवली.

"काकी, दिवाळीत मी आमच्या सासूबद्दल, आत्यांबद्दल बोलले व्हते. ते कळलं व्हतं तुमाला?"

"व्हय."

"सगळं?"

"चकलीचं बी."

कट्ट्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मग आत्यांना का न्हाय कळलं आजपातूर?"

"त्यांना कशाला कळंल? त्या कट्ट्यावर व्हत्या का?"

प्रतिक्षानं मागं वळून बायकांकडं बघितलं. "ऐकलं का? तुमी कुणाकुणाचं काय काय बोललाय ते आठवा. त्यातलं एक तरी गावात फिरलं का?"

बायका आठवू लागल्या. आठवताना एकेकीचा चेहरा बघण्यासारखा होत गेला. आधी भीती, मग लाज, मग हळूहळू हसू. एकीनं पदर खाली घेतला. "अगं बया, मंग माझं भिशीचं बी म्हाईत हाय व्हय तुमाला?"

"गप बस की," लीलाबाई म्हणाल्या. "आता तूच वरडून सांगाय लागलीस."

त्यांनी चक्की सुरू केली. घरघर पुन्हा पत्र्याला जाऊन भिडली. प्रतिक्षा तिथंच उभी होती. तिनं लीलाबाईंकडं बघितलं आणि आवाज अजिबात न काढता, फक्त ओठांनी म्हणाली, "मी ट्रॅक्टर शिकतीय. मामंजी बारामतीला गेले की मागच्या रानात चालवते."

लीलाबाईंच्या भुवयांवरचं पीठ हललं. त्याही आवाजाशिवाय म्हणाल्या, "रिव्हर्स येतोय का?"

प्रतिक्षाला ओठ वाचायची सवय कुठली? त्यांना तीनदा म्हणावं लागलं. कळलं तशी ती खळखळून हसली आणि मान हलवली. नाही येत.

"काय गं, काय म्हणाली? आमाला बी सांगा की!" कट्टा आत शिरला. आणि मग प्रत्येकीलाच करून बघायचं होतं. एक लीलाबाईंच्या समोर येऊन ओठ हलवायला लागली, दुसरी तिला बाजूला सारून, तिसरी त्या दोघींच्या मधून. डोळे मोठे, हातवारे, आवाज कुणाचाच नाही. सूप आडवं धरून लीलाबाई मागं मागं सरकत भिंतीला टेकल्या आणि चक्कीच्या वरताण ओरडल्या,

"एकेकीनं बोला गं! दोनच डोळं हायत मला!"