माउसला हात न लावणाऱ्या बाई

तिरोडकर बाई कॉम्प्युटर शिकवायच्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात पाठीमागे असायचे. एका हाताचं मनगट दुसऱ्या हातात घट्ट धरलेलं आणि मान किंचित पुढे. शिकणाऱ्याचं कितीही चुकू दे, बाण स्क्रीनवर कुठेही भरकटू दे, बाईंनी कुणाच्या हातातला माउस काढून घेतला असं मी कधी पाहिलं नाही. "हात तुझे, बोटं तुझी. मग चूक माझी कशाला?" असं त्या म्हणायच्या.

ही सवय जुनी होती. कांजूरमार्गला त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि टाइपरायटरच्या रांगांमधून त्या अशाच फिरायच्या म्हणे. टाइपरायटर गेले, इन्स्टिट्यूटच्या जागी केकचं दुकान आलं, पुढे यजमानही गेले. मग बाई मुलुंडला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायला आल्या. थोड्याच दिवसांत सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा निवृत्त लोकांसाठी क्लास सुरू झाला. एरवी बोलणं साधं, पण समोरचा रडकुंडीला आला की त्या मालवणीत शिरायच्या. "घाई कोणाक आसा?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. तिथे खरंच कुणाला घाई नसायची, त्यामुळे सगळे पुन्हा माउस धरायचे.

माझे बाबा मरोळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्तीनंतर त्यांचा बराचसा दिवस कॉम्प्युटरसमोर जायचा. जुने सहकारी एकमेकांना नाट्यगीतांच्या, जुन्या मुंबईच्या फोटोंच्या लिंक मेलवर पाठवायचे. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, नजर मंदावली. बोलणं परत आलं, पण बोलायची इच्छा परत आली नाही. आम्ही त्यांचं सगळं करायला लागलो. औषध हातात, जेवण कालवून पुढ्यात. त्यांनी नुसती मान वळवली तरी आई उठायची.

मी एका ब्राउझरमध्ये त्यांच्यासाठी अक्षरं मोठी करून ठेवली होती. पण आईने त्यांच्यासाठी मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की ती मशीनबरोबर आलेल्या दुसऱ्याच ब्राउझरमध्ये उघडायची, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी डिफॉल्ट ब्राउझर बदलून द्यायचे. काही दिवस बरं चालायचं, मग एखादं अपडेट व्हायचं आणि पुन्हा तेच. मी ऑफिसात असले की बाबा मी येईपर्यंत थांबायचे. पुढे पुढे त्यांनी सांगणंच सोडलं. धूळ बसायला लागली म्हणून आईने मॉनिटरवर टॉवेल टाकला.

बाई कढीपत्ता मागायला आल्या आणि तो टॉवेल त्यांना दिसला.

"परब, मशीन बिघडलंय?"

"माणूस बिघडलाय," बाबा म्हणाले.

"माणसाचं मागाहून बघू. मशीनचं सांगा."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मीच सगळं सांगितलं आणि म्हणाले, "बाई, दोन मिनिटांचं काम आहे. मी करते ना आत्ता."

"तू केलंस तर ते तुझं होतं गं. तू बस." असं म्हणून त्यांनी स्वतःच टॉवेल काढला, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची ओढून बाबांच्या डाव्या बाजूला बसल्या. माउसही डावीकडे घ्यायला सांगितला, तो बाबांनाच.

"डिफॉल्ट म्हणजे काय माहितेय? न सांगता जो पुढे येतो तो. घराची बेल वाजली की दार कोण उघडतं?"

"ही."

"तुम्ही सांगता तिला?"

"नाही."

"मग ती डिफॉल्ट."

बाबा बऱ्याच दिवसांनी हसले. "आणि ती बदलायची असेल तर?"

"तर स्वतः उठा," आई आतून म्हणाली.

पण त्या दिवशी काही जमलं नाही. डाव्या हाताला माउसची सवय नव्हती. बाण सेटिंग्जच्या जवळ जायचा आणि निसटायचा. एकदा स्क्रीनवरचं सगळंच आडवं झालं, कसं ते देव जाणे. मी पटकन पुढे झाले, तर बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी परत बसले. बाबांनी माउस ढकलून दिला. "मी नकाशे काढायचो, बाई. केसाएवढ्या रेघा. आता हा पोरखेळ पण जमत नाही." ते उठले आणि भिंतीला धरत गॅलरीत जाऊन उभे राहिले.

बाईंनी त्यांना हाक मारली नाही, समजूतही काढली नाही. आईने केलेला चहा प्यायल्या, कढीपत्ता घेतला आणि जाताना गॅलरीच्या दिशेने म्हणाल्या, "उद्या ह्याच वेळेक येतंय."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा बाबा आधीच खुर्चीवर बसले होते. माउस डावीकडे होता. त्यांनी सेटिंग्ज उघडलं, त्यातून ॲप्स, मग डिफॉल्ट ॲप्स. प्रत्येक ठिकाणी बाण दोन-चारदा चुकायचा आणि बाई खिडकीबाहेर बघत बसायच्या. शेवटी बाबांनी आपला ब्राउझर निवडला, तर मध्येच एक चौकट आली: बदलण्याआधी आमचाच वापरून बघा.

बाबा बिचकले. "हे काय विचारतंय?"

"जाणाऱ्याला सगळेच विचारतात. तुमचं ठरलंय ना?"

"हो."

"मग खाली 'तरीही बदला' असेल, ते दाबा."

त्यांनी दाबलं. मग मेल उघडून एका लिंकवर क्लिक केलं. पान उघडलं, मोठ्या काळ्याभोर अक्षरांत. बाबांनी मथळा मोठ्याने वाचला, एकदा आमच्यासाठी आणि एकदा स्वतःसाठी. बाई "झकास" म्हणाल्या आणि क्लासला उशीर होतोय म्हणून निघून गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात कधीतरी जेवताना बाबा सहज म्हणाले, "आज परत बदललं होतं ते. केलं मी." आई वाढता वाढता थांबली. त्या रात्रीची आमटी मला अजून आठवते.

तिरोडकर बाई गेल्या वर्षी गेल्या. दुपारच्या जरा पडल्या त्या उठल्याच नाहीत. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. आम्ही निघायची तयारी करत होतो, तेव्हा बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला आणि आईला म्हणाले, "बटणं मी लावतो."

आजारपणानंतर ते घरात बनियनवर किंवा डोक्यातून घालायच्या झब्ब्यात असायचे. आई दाराशी उभी राहिली. लिफ्ट वर आली आणि तशीच परत गेली. बाबा डाव्या हाताच्या बोटांनी एकेक काज शोधत होते, एखादं बटण निसटलं की पुन्हा वरून सुरुवात करत होते. आईचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला.

शेवटचं बटण लागलं तेव्हा कळलं, मध्ये एक काज चुकलं होतं. शर्ट एका बाजूने वर उचलला गेला होता. बाबांनी खाली बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

"चला," आई म्हणाली. आम्ही तसेच खाली गेलो.