गर काळा पडायच्या आत

युसूफनं फोटो काढला नाही असं लग्न पाटोद्यात शोधूनच काढावं लागेल. त्याचा स्टुडिओ आणि माझं भांड्यांचं दुकान भिंतीला भिंत लागून, त्यामुळं त्याचं सगळं शहाणपण मला फुकटात ऐकावं लागतं. त्याचं म्हणणं एकच: उजेड समोरून पाहिजे, भरपूर पाहिजे, आणि चेहऱ्यावर सावलीचा ठिपका नको. नवरी गोरी दिसली की तिची आई खूश. या एका युक्तीवर गड्यानं आजवर संसार ओढला, म्हणून मीही कधी नावं ठेवली नाहीत.

त्याची धाकटी बहीण फरजाना नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आली. भावावर ओझं व्हायचं नाही, हा तिचा एकच हट्ट. सीताफळं आणून ती गर काढून विकू लागली. यंदा हंगाम संपता संपता पुण्याच्या एका आइस्क्रीमवाल्या बाईंचा निरोप आला. गराचा फोटो पाठवा, पटला तर पुढच्या वर्षापासून सगळा गर तुमच्याकडूनच घेऊ. काळा पडू नये म्हणून टाकतात ती पावडर न टाकलेला, पांढराशुभ्र हवा, आणि ठरवायचंय आजच. फरजानाच्या पोटात त्या दिवशी सकाळपासून अन्न नव्हतं. माझ्या दुकानातला निळा वाडगा मी तिला दिला आणि तमाशा बघायला मागोमाग त्यांच्या घरी गेलो.

आता सीताफळाचा गर म्हणजे नाजूक प्रकरण. उघडा राहिला की काळा पडतो, हे इथल्या लेकरालाही ठाऊक. पण आमच्या कलाकारानं लग्नातले दोन जुने हॅलोजन आणले आणि वाडग्याच्या थेट तोंडापुढं उभे केले. फोटोत गर भिंतीच्या चुन्यासारखा सपाट आला. ना रवाळपणा दिसे, ना पाकळ्या.

"उजेड कमी पडतोय," म्हणत त्यानं दिवे अजून जवळ ओढले. त्या धगीत गराच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या.

"कावून भाजायलास भाई त्येला?" फरजाना ओरडली. तो गर टाकून तिनं राहिलेली पिकली फळं फोडली. घरात आता नुसती कच्ची उरली होती.

ती नवा गर वाडग्यात ठेवते न ठेवते तोच लाईट गेली. युसूफनं कपाळाला हात लावला. मागचं दार मात्र उघडं होतं. तिथून एका अंगानं उजेड वाडग्यावर आला आणि गराची पाकळी न् पाकळी उठून दिसायला लागली. युसूफ बघतच राहिला.

"हलू नका कुणी! सुंदरराव, तुमी ही पांढरी चादर दुसऱ्या अंगाला धरा. थोडी लांब. सावली समदी घालवू नका, थोडी राहू द्या."

मी चादर धरली. सावली राहू द्या! युसूफच्या तोंडून हे ऐकायला मी जिवंत राहिलो, याचंच मला नवल वाटलं. फोटो असा आला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. फरजाना कितीतरी दिवसांनी हसली. फोटो गेला आणि आम्ही तिघं त्या फोनभोवती बसून राहिलो. वाडगा झाकायचं कुणालाच सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'एका बाजूनं काळपट दिसतोय. असा माल आम्हाला चालणार नाही.'

"अवो, ती सावली हाय!" युसूफ फोनवरच ओरडला, जणू बाई आत बसल्या होत्या. त्यानं फोन लावला, कुणी उचलला नाही. मग लिहून पाठवलं: 'मॅडम, गर पांढरा आहे, ती सावली आहे. व्हिडिओ कॉल करा, समोर दाखवतो.' मला बाईंचा राग आला, युसूफची कीव आली, आणि दोन्हीचा कुणाला काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल, बाईंचाच.

युसूफनं झडप घालून वाजता फोन हातात घेतला, दाराशी धावला, आणि वाडग्याजवळ जाऊन तसाच उभा राहिला. गर आता सगळीकडून तपकिरी झाला होता.

"घे ना भाई," फरजाना म्हणाली. "घे, आन् दाखव."

तो हलला नाही. तिनं वाडग्यावर ताट झाकलं, आणि फोन वाजायचा थांबेपर्यंत त्या ताटावर हात ठेवून बसून राहिली.