काजळकोटाचं शेवटचं पान

मला राग लवकर येतो, हे आमच्या मानकोलीच्या गोदामात सगळ्यांना माहीत आहे. सुपरवायझर जीवनसुद्धा सकाळी आधी माझं तोंड बघतो आणि मग काम सांगतो. पण त्या आठवड्यात मला जो राग आला, तो जपानमधल्या एका माणसावर होता, ज्याचं नाव मला अजून धड घेता येत नाही. त्याने धम्मदिनाच्या चौदा वर्षांवर पाणी ओतलं आणि बुधीबायच्या पाच वर्षांवर. धम्मदिनाचं एक वेळ चाललं असतं, ती शिकलेली आहे, निस्तरेल. बुधीबायचं मात्र मला सोसवलं नाही.

धम्मदिना रोकडे ही टेमघरची, माझ्याच गल्लीतली. बी.ए. झालेली, इंग्रजी आपण मराठी वाचतो तशी वाचते. वडील अचानक गेले आणि घर हिच्या अंगावर पडलं, म्हणून पॅकिंगच्या टेबलावर माझ्या शेजारी उभी राहून खोकी चिकटवते. बोलायला अगदी कमी, हसायला त्याहून कमी. पण हिला वाचताना ऐकावं. आमच्या विहारात पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पूर्वी शांताबाई वाचायच्या. त्यांचा चष्मा फुटला तेव्हा बारा वर्षांच्या धम्माला बसवलं आणि तेव्हापासून ती जागा तिचीच झाली. शांताबाईंनी तिला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. नजर पानावर ठेवायची, कुणाच्या तोंडाकडे बघत वाचायचं नाही. आणि पदरचा एक शब्द घालायचा नाही, ऐकणारा रडला तरी नाही.

अशा मुलीला अकरावीत कुणीतरी मोबाईलवर एक जपानी चित्रकथा दाखवली आणि ही तिच्यात अडकली ती अडकलीच. महिन्याला एक भाग यायचा. सगळी चित्रं काळीकुट्ट, डोळ्यांच्या जागी दात असलेली भुतं, पानापानावर रक्त. मी एकदा बघितलं आणि जेवण गेलं नाही. तिला म्हटलं, तू विहारात मैत्रीभावना वाचतेस आणि घरी हे बघतेस? ती म्हणाली, यात पण दुःखच आहे, वैशालीताई, फक्त दात असलेलं.

गोदामात आम्हाला जेवायला अर्धा तास मिळतो. सहा वर्षांपूर्वी आमच्याच टेबलावरच्या गोदूने तिला विचारलं की तू एवढं कसल्या विचारात असतेस, आणि धम्माने ती कथा सांगायला सुरुवात केली. त्या कथेचं जपानी नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गोदूनेच तिचं काजळकोट केलं. गोष्ट अशी की जमिनीतून एक काळा कोट, म्हणजे किल्ला, वर येतो आणि प्रत्येक गावातलं एक मूल गिळून परत खाली जातो. सायो नावाच्या मुलीचा धाकटा भाऊ तोमा तसाच गेला. ती कोयता घेऊन त्याला शोधायला निघते. कोटाला शंभर दारं, आणि प्रत्येक दार उघडताना तिची एक आठवण जाते. आईचा चेहरा जातो, घराचा रस्ता जातो, स्वतःचं नाव जातं. भाऊ तेवढा तिने धरून ठेवलेला असतो. पुलावर एक लंगडा लोहार तिची वाट बघत बसलेला असतो, कारण परत येते असं ती त्याला सांगून गेलेली. सायोची आम्ही सायू केली आणि तोमाचा तोम्या. महिन्याचा भाग धम्मा आठवडाभर पुरवून सांगायची, भुईकडे बघत, एका सुरात, विहारात वाचते तशी. चित्रात नसलेलं तिने कधी सांगितलं नाही. गोदू विचारायची, मग लोहार काय म्हणाला? धम्मा म्हणायची, माहीत नाही, पुढच्या महिन्यात.

आता बुधीबाय. ती गणेशपुरीच्या पलीकडच्या पाड्यावरची. तिचा एकुलता एक मुलगा वाघ्या मुकादमाबरोबर गुजरातेत इमारतीच्या कामावर गेला आणि परत आला नाही. बरोबरची पोरं आली. पोरं म्हणाली, तो दुसऱ्या साइटवर गेला. मुकादम म्हणाला, येईल. फोन आधी लागत नव्हता, मग तो नंबरच बंद झाला. बुधीबाय भातशेतीचा तुकडा दिराकडे सोपवून भिवंडीत खोली घेऊन राहिली, कारण वाघ्या आला तर आधी भिवंडीच्या एसटी स्टँडवरच उतरणार, असा तिचा हिशोब. पाच वर्षांपूर्वी आमच्या लाइनवर लागली. काजळकोट तिने मधूनच ऐकायला सुरुवात केली, पण तोम्याचं कळल्यावर एकदा धम्माला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मग तिने मनाशी धरलं की तोम्या सापडला की वाघ्या येणार. हे ती उघड बोलली नव्हती, गोदूला एकदाच बोलली, म्हणजे पूर्ण लाइनला कळलं. नवं दार उघडलं की बुधीबाय त्या दिवशी भाकरी पूर्ण खायची.

गेल्या वर्षी कळलं की कथा संपणार. नव्व्याण्णव दारं झाली होती. धम्माच्या अंगात काय वारं शिरलं होतं, काय सांगू. एरवी मुकी असणारी ही पोरगी बसमध्ये मला समजावून सांगायची की अमक्या भागात ती घंटा का वाजली, लोहाराच्या पायाचं खरं कारण काय असेल, कोट बांधला कुणी. जगभरातली माणसं यावर डोकं लावून बसली होती म्हणे, ब्राझीलची, केरळची, कुठकुठली. चौदा वर्षांचं भिजत घोंगडं एका भागात निकालात निघणार होतं.

तो भाग आला. सायूने शंभरावं दार ढकललं. पान उलटलं तर ती सात वर्षांची, शेतात उभी. वेळ मागे गेलेली. कोट नाही, भुतं नाहीत, आणि तोम्याही नाही. तो हरवला नव्हता, मेला नव्हता, तर जन्मलाच नव्हता. सायू हसते, फुलपाखरामागे पळते, खेळ खलास. घंटा का वाजली, त्याचं उत्तर नाही. कोट कुणी बांधला, नाही. लोहार पुलावर बसला होता त्याचं एक चित्रसुद्धा नाही, पूलच नाही. चौदा वर्षं माणसांना खेळवून त्या लेखकाने दहा पानांत गाशा गुंडाळला आणि सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली.

धम्मा सकाळी बसमध्ये हे रडत रडत सांगत होती. इंटरनेटवर लोक शिव्यांची लाखोली वाहत होते. कुणी म्हणे प्रकाशकाने घाई केली, कुणी म्हणे लेखक आजारी आहे. धम्माची तरी त्याला सांभाळून घेण्याची धडपड चालू होती, थकला असेल गं माणूस. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. थकला तर थांबायचं ना. आमचे पाय सुजतात म्हणून आम्ही खोकं रिकामं पाठवतो का गिऱ्हाइकाला?

पण शेवट वाईट म्हणून ती रडत नव्हती. तिला हा शेवट बुधीबायला सांगायचा होता. दोन दिवस तिने घसा बसल्याचं निमित्त केलं. बुधीबायने तिच्यासाठी पाड्यावरून आणवलेली हळद दिली आणि म्हणाली, घसा सुटला की सांग, घाई न्हाय. तिसऱ्या दिवशी मी धम्माला विहाराच्या पायरीवर गाठलं आणि सरळ सांगितलं की तोम्या सापडला म्हणायचं. भावाला कडेवर घेऊन सायू बाहेर येते, लोहार उठून उभा राहतो, विषय संपला. बुधीबायला वाचता येत नाही, जपानला जाऊन कोण विचारणार आहे?

धम्मा म्हणाली की तिने असं कधीच केलेलं नाही. मी म्हटलं, तुझा तो लेखक चौदा वर्षांनी खोटं वागला ते चालतं, आणि तू एका म्हातारीसाठी एक वाक्य बदललंस तर बिघडतं? एवढी कसली सत्यवादी लागून गेलीस? मी फार बोलले. बोलण्याच्या भरात तिच्या गेलेल्या वडिलांपर्यंत पोचले. तिने शेवटी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सगळ्या जमल्या. बाजूच्या लाइनच्या चार जणीही आल्या. धम्माने सांगितलं आणि छान सांगितलं. शंभरावं दार उघडलं, आत तोम्या गुडघ्यात डोकं घालून बसलेला. सायूला स्वतःचं नाव आठवत नव्हतं, ते तोम्याने तिला सांगितलं. हे तर मी तिला शिकवलंही नव्हतं. गोदू ढसाढसा रडली. कुणीतरी चिवड्याची पुडी फोडली. मला वाटलं, जिंकलो.

बुधीबाय तेवढी हलली नाही. तिने डब्याचं झाकण लावलं आणि धम्माला म्हणाली, "पोरी, तू रोज भुईकडं बघून सांगतेस. आज माझ्याकडं बघून सांगलंस. हे त्यात न्हाय."

मी मध्ये पडायला तोंड उघडलं, पण बुधीबायने हाताने मला थांबवलं.

"वाघ्या गेला तवापासून समदे माझ्याकडं असंच बघतात आन् सांगतात, येल. तू तरी नको सांगू."

धम्मा उठली. आमचे मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावे लागतात. ती तिथवर गेली, मोबाईल घेऊन आली आणि शेवटची दहा पानं एकेक करून बुधीबायसमोर धरली. प्रत्येक पानाला काय आहे ते सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. बुधीबाय शेतातल्या त्या लहान सायूकडे बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, पोरगा कुठं हाय? धम्मा म्हणाली, लिहिणारा म्हणतो, तो नव्हताच.

"ज्यानं लिवलं त्याचं कुनी गेलेलं न्हाय," बुधीबाय म्हणाली. "गेलेला मानूस नव्हताच, असं व्हत न्हाय."

भोंगा झाला आणि आम्ही उठलो. मला वाटलं होतं ती कोसळेल, पण ती दुपारभर खोकी चिकटवत होती, आणि एकही वाकडं लागलं नाही. धम्माने चौदा वर्षांत इंटरनेटवर त्या कथेबद्दल पानंच्या पानं लिहिली होती. त्या दिवशी तिने तिथे बुधीबायचं ते एक वाक्य इंग्रजीत टाकलं आणि मग ते अ‍ॅपच काढून टाकलं. मला म्हणाली, शेवटात चूक काय झाली ते मला सांगता येत नव्हतं, ताई. नुसता राग येत होता.

सुटताना बुधीबायने तिला बसपाशी गाठलं आणि विचारलं, पोलिसांत द्यायचा कागद लिवशील का? तेव्हा आम्हाला कळलं की वाघ्या हरवल्याची तक्रार तिने पाच वर्षांत दिलेलीच नव्हती. मुकादम म्हणाला होता, उगाच पोलीस कशाला, पोरगा येईल. दीर म्हणाला होता, येईल. मी तर गेल्या दिवाळीत तिला करंजी देताना म्हटलं होतं, बघ, पुढच्या दिवाळीला वाघ्या येतो की नाही. माझं काय जात होतं एक शब्द बोलायला. तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं की आपण किती धीर देतो.

रविवारी आम्ही तिघी चौकीत गेलो. धम्माने अर्ज लिहून नेला होता. वाघ्याचं वय, उंची, डाव्या भुवईवरची खूण, मुकादमाचं नाव, शेवटचा फोन कधीचा, सगळं बुधीबायने सांगितलं तसं. टेबलामागचा हवालदार बरा माणूस होता. त्याने अर्ज दोनदा वाचला, बुधीबायला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं की पाच वर्षं होऊन गेली, बाई, लगेच आला असतात तर माग काढायला सोपं गेलं असतं, इतके दिवस का नाही आलात?

"समदे म्हनत व्हते, येल," बुधीबाय म्हणाली.

मी तिच्या मागेच उभी होते.